सुमन, समुद्र आणि मियाकोची वाट

बोटीच्या तळात पाणी साचतं. भोक कुठेच सापडत नाही, तरी साचतंच. किश्शांचंही तसंच आहे. अधूनमधून उपसले नाहीत तर बोट जड होते. म्हणून आज बसलोय उपसायला.

मी मूळचा बार्शीचा. आमच्याकडे पाणी बघायचं तर टँकरमध्ये! टोकियोत ओजिमाला डाळ-तांदूळ, मसाले विकण्यात वीसेक वर्षं गेली. शाळा बेताची, जपानी शिकलो ते गिऱ्हाइकांकडून. मग दुकान धाकट्या भावाच्या हाती दिलं आणि शिडाची बोट चालवायला शिकलो, तीही मोबाइलवर व्हिडिओ बघून. आता मी आणि बायको सुमन, दोघंही ओकिनावाच्या बेटांमध्ये बोटीवरच राहतो.

आमची मुलगी मुग्धा टोकियोतच, तोयोसुला आयटीत आहे. ती पहिल्या दिवसापासून म्हणतेय, "मुरी, बाबा! मुरी!" म्हणजे अशक्य. कारण सुमनला बोट लागते. साधीसुधी नाही, बंदरात बांधलेल्या बोटीतसुद्धा लागते!

शेवटी घरात करार झाला. ओकिनावाच्या नाहा बंदरातून निघायचं आणि टायफूनचा सीझन सुरू व्हायच्या आत मियाको बेट गाठायचं. मध्ये सुमन एकदा जरी "परत फिरा" म्हणाली, तरी बोट विकायची आणि गुपचूप ओजिमाला परत यायचं. पोचलो, तर बोट आमची. पुन्हा कुणी विषय काढायचा नाही.

मुग्धा खूश झाली. आईला म्हणाली, "आई, दोनच शब्द बोलायचेत तुला."

सुमन म्हणाली, "बघू."

*

आधी बोट कशी मिळाली ते ऐका.

ओसाकाजवळच्या एका बंदरात एक आजोबा जुनी बोट विकायला काढणार आहेत असं कळलं. मी घासाघिशीची पूर्ण तयारी करून गेलो. मालात खोट काढायची, दोनदा उठून जायचं, तिसऱ्यांदा दारातून वळायचं. आमची बार्शीची पद्धत!

शिडाला हात लावून मी म्हणालो, "कापड जुनं दिसतंय."

आजोबा म्हणाले, "हो."

"रंगही उडालाय."

"खरंय."

"मग किंमत..."

"किंमत नाही," आजोबा म्हणाले. "फुकट न्या. फक्त आत बूट घालून जाऊ नका."

जपानात जुनी बोट मोडीत काढायलाच इतका खर्च येतो की चांगला माणूस मिळाला तर लोक तशीच देऊन टाकतात. हे मला ठाऊक नव्हतं. मी उभ्याउभ्या हरलो! फुकट मिळालेल्या मालाची तक्रार कुठे करणार?

आता वारा जरा वाढला की आजोबांचा फोन येतो. "ठीक आहे ना?"

मी म्हणतो, "हो, आम्ही दोघं मजेत."

ते म्हणतात, "मी बोटीचं विचारतोय."

*

जपानात कचऱ्याचे नियम किती कडक आहेत ते ओजिमाच्या बायकांना विचारा. पण बोटीवर राहणाऱ्याचं काय? छोट्या बेटांवर प्रत्येक गावाची पिशवी वेगळी. पाहुण्यांचा कचरा पाहुण्यांनी परत न्यायचा. आम्ही नाहाजवळच्या केरामाच्या बेटांमध्ये हिंडलो ते कचऱ्याला स्थळदर्शन घडवत!

एका बेटावर मी डोकं चालवलं. दुकानाच्या मालकीणबाईंना चहाचा मसाला भेट दिला आणि हळूच विचारलं, "एक पिशवी तुमच्याकडे ठेवू का?"

बाईंनी कमरेत वाकून पिशवी घेतली. मी सुमनकडे विजयी नजरेनं पाहिलं. व्यापार म्हणतात तो हा!

तासाभरात बाई धक्क्यावर हजर. भेटीची परतभेट दिल्याशिवाय इथे कुणाला झोप लागत नाही. त्यांनी काळ्या गुळाच्या वड्या आणल्या होत्या. कापडी पिशवीत कागदी पिशवी, तिच्यात खोका, खोक्यात प्लास्टिकचा ट्रे आणि ट्रेमध्ये एकेक वडी वेगळ्या कागदात गुंडाळलेली.

वड्या संपल्यावर सुमननं कचरा भरला. दीड पिशवी झाला!

"करा आणखी व्यापार," ती म्हणाली.

*

आमचे पुण्याचे मित्र देवधर तोयोसुला मोठ्या हुद्द्यावर आहेत. स्वभावानं 'नाही' म्हणणारे. कुठलंही प्रोजेक्ट आलं की आधी नकार, मग वाचन. ते आठ दिवस बोटीवर राहायला आले, पण लॅपटॉप घेऊन. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट, अशी मीटिंग सुरू झाली.

बोट नांगरावर होती. लाट फार नव्हती, पण लयीत होती. बोट पुढे झुकली की देवधर पुढे, मागे आली की देवधर मागे. टोकियोच्या बॉसला स्क्रीनवर काय दिसलं असेल? देवधर-सान प्रत्येक वाक्याला आदरानं मान डोलावतायत!

तेवढ्यात नेट गेलं. परत आलं तेव्हा ऐन सुट्ट्यांच्या आठवड्यातलं काम देवधरांच्या गळ्यात पडलेलं आणि बॉस भावुक झालेले.

"देवधर-सान, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच पूर्ण सहमत झालात!"

देवधर दुसऱ्या दिवशीच्या फेरीबोटीनं परत गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोन शब्द बोलून टाका. सगळेच सुटू."

सुमन म्हणाली, "डबा दिलाय. पोळ्या गरम आहेत तोवर खा."

*

बंदरात शेजारच्या बोटीवर मियागी-सान राहायचे. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. सुमनची अवस्था पाहून त्यांना फार वाईट वाटायचं. एकदा ते उमेबोशी घेऊन आले. खारवलेलं, आंबटढाण फळ असतं ते.

"सुमन-सान, हे बेंबीवर ठेवा आणि वरून चिकटपट्टी लावा. बोट लागत नाही."

"आमच्याकडे जुने लोक असा उपाय करतात," ते म्हणाले. सुमननं आभार मानले. ते वळल्याबरोबर फळ तोंडात टाकलं.

"लोणचं बेंबीला फासून वाया घालवायचं?"

पण घेतल्यावर दिलं पाहिजे. तिनं त्यांना आपलं घरचं लिंबाचं लोणचं दिलं. चांगलं झणझणीत, मुरलेलं. जपानीत सांगितलं, "हे आमच्याकडचं तसलंच."

दुसऱ्या दिवशी मियागी-सान पोट धरून, वाकून चालत आले. चेहरा लाल झालेला.

"सुमन-सान," ते म्हणाले, "इंडियन औषध फारच पॉवरफुल आहे. पण काढायचं कधी?"

*

केरामा सोडलं की मियाकोपर्यंत मध्ये जमीन नाही. बंदर नाही, आडोसा नाही. थेट दुसऱ्या दिवशीच काठ दिसायचा. सुमन 'परत फिरा' म्हणणार असेल तर ती याच टप्प्यात, हे सगळ्यांना माहीत होतं. निघताना मुग्धाचा फोन आला. बोट घ्यायला एक गिऱ्हाईकही तिनं शोधून ठेवलं होतं!

सुमन निघाल्यापासून आडवी होती. पहाटे वारा फिरला आणि लाटा उंच झाल्या. उजाडलं तेव्हा समोर पाण्याच्या टेकड्या उभ्या होत्या. हवामानाचा अंदाज चांगला बघून निघालो होतो, पण अंदाजाला कुणी सांगावं?

मी म्हणालो, "सुमन, परत फिरू या का?"

तिनं डोळे उघडले. "करारात कुणाचं म्हणणं धरायचं ठरलंय?"

"तुझं."

"मग तुम्ही बोलू नका."

असं म्हणून ती उठली, रांगत वर आली, सेफ्टीचा पट्टा अडकवला, कठड्यावरून वाकली आणि ओकली. तोंड पुसून माझ्या शेजारी बसली. पुन्हा वाकली, पुन्हा येऊन बसली. तिचा चेहरा पाहून माझाच धीर सुटला. ती 'परत' म्हणाली असती तर मी त्याच क्षणी बोट वळवली असती, हे आज कबूल करतो.

तेवढ्यात मागून कोस्ट गार्डची गस्तीची बोट आली. पांढरी, प्रचंड. तिच्यापुढे आम्ही म्हणजे नारळाची करवंटी. त्यांना दुर्बिणीतून कठड्यावर लोंबकळणारी बाई दिसली असणार. रेडिओ खरखरला.

"तुमच्या बोटीवर एक व्यक्ती आजारी दिसते. परत जायचं आहे का? आम्ही सोबत करू."

परत! तेही सरकारी सोबतीनं! मी सुमनकडे पाहिलं. सुमननं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं रेडिओ माझ्या हातातून काढून घेतला, पदर नव्हता म्हणून लाइफ जॅकेट सारखं केलं आणि ओजिमाच्या काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबशीर जपानीत म्हणाली,

"आजारी मी आहे. बोट ठणठणीत आहे. मियाको नक्की कुठल्या बाजूला, तेवढं सांगा. यांचा मला भरवसा नाही!"