पिशवीनं धरलेली जागा

घाटनांदूरच्या एसटीत एका गड्यानं शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती आणि मिशीला पीळ देत तो ती राखत बसला होता. दाराशी उभ्या असलेल्या सख्ख्या भावाशी त्याचा अबोला आहे, हे एव्हाना साऱ्या गाडीला कळलं होतं. जागेच्या आशेनं मी त्याला पेपरात नवीनच आलेली बातमी ऐकवली. विश्वातली मोकळी जागाच झपाट्यानं वाढतेय, तिच्या रेट्यानं दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्यात, आता त्यांचे नवे मोठे समूह जमणं अवघड.

"आन आदीच जमलेले?"

"ते एकमेकांना धरून राहतात."

त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि मागं न बघता ओरडला, "ये बे, बस हितं! गुर्जी म्हणायलेत, जागा लई वाढायलीय."

धर्मापुरीपर्यंत मी उभाच होतो.