मनकर्णाबाईचं डोकं

आमच्या पिंपळगाव राजात उवा काढाव्या तर मनकर्णाबाईनं. शाळा सुटली की गल्लीतल्या पोरी तिच्या ओट्यावर, डोकं तिच्या मांडीत. नखांत टच्च आवाज झाला की बाई खूश. आणि तिच्याच नातीला, निशिगंधाला, शाळेत उवांपायी वेगळ्या बाकावर बसवलं! आता बोला.

निशिगंधाचे केस कमरेपर्यंत. तिची आई अन्नपूर्णा भडकली. "रयवारी एक बी ऊ दिसली तं कैचीनं सारे केस कापतो." पोरगी वेणी छातीशी धरून रडायला लागली.

मनकर्णाबाईची तर मतीच गुंग. नातीला औषध लावलं, फणी फिरवली, चार दिवसांनी उवा पुन्हा हजर! कधी बाकावरच्या मैत्रिणीवर संशय, कधी शेजारणीच्या उशीवर. एकदा चक्क गोठ्यातल्या म्हशीवर.

"अवो, म्हशीची ऊ माणसाले लागत नाही," मी शेजारच्या ओट्यावरून म्हटलं.

"तुले काय समजते?" मलाच झाडलं. मग रॉकेल काढलं. ती बाटली मी हिसकावली, पोरगी पेटली असती एखाद्या दिवशी!

रविवारी ऊ सापडलीच. अन्नपूर्णानं कैची आणली, तशी मी धावत जाऊन आरोग्य केंद्राच्या आशाताईला, दीपमालाला, घेऊन आले.

"केस कापाचं कामच नाही," दीपमाला म्हणाली. "घरातल्या समद्यांचं डोकं पाहा. ज्याच्यात उवा, त्या साऱ्यांनी एकाच दिवशी औषध लावा, आठ दिवसांनी पुन्हा. निशिगंधा, तू झोपते कोनाजवळ?"

"आजीजवळ."

"आजी, पदर घ्या बरं खाली."

"काऊन? मी उवा काढणारी, माह्या डोक्यात कुठून येतीन?"

लग्न होऊन आल्यापासून बाईच्या डोक्यावरचा पदर कोणी ढळलेला पाहिला नव्हता. निशिगंधानं तो हळूच मागं सारला. अगं बाई! पांढऱ्या केसांत उवाच उवा, कानामागं लिखांचा थर. हसावं की रडावं, मला कळेना.

"मले तं खाजवत बी नाही वो," मनकर्णाबाई एकेकीच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग सुनेकडं पाठ करून बसली, अंबाडा सोडला. "पोरीची वेणी राहू दे. हे काप."

अन्नपूर्णानं कैची बाजूला ठेवली, फणी घेतली आणि सासूच्या केसांत बोटं घातली. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय झालं आत्याबाई? दुखलं काय?"

"नाही वो. पण माहं डोकं आजपर्यंत कोनं पाह्यलंच काऊन नाही?"