सकाळचा आकडा

वडवणीजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीच्या केंद्रावर मी वीस वर्षं फॅट तपासली. हातात लॅक्टोमीटर आणि जिभेवर तिखट, अशी माझी ख्याती. लांब दांड्याच्या पळीनं कॅन तळापासून ढवळल्याशिवाय मी सॅम्पल घेत नसे. वर साय आलेली असते, त्यामुळे वरच्या दुधाची फॅट नेहमी चांगलीच लागते. यावरून कितीजणांशी भांडलो असेन, त्याला गणती नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षी जनावरं चारा छावणीत गेली आणि आमचं केंद्रही छावणीच्या तोंडाशी पत्र्याखाली आलं. त्याच उन्हाळ्यात मला साखर निघाली. वजन तर आधीपासून भरपूर. बीडचे डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा." मला वडिलांचा पाय आठवला. साखरेनं त्यांचा पाय गेला होता, आणि जाईपर्यंत त्याचं रोजचं ड्रेसिंग माझ्या बायकोनं केलं होतं. दवाखान्यातून निघताना तिचा चेहरा बघून मी खरंच घाबरलो.

तिनं साखर मोजायचं मशीन घ्यायला लावलं. रोज सकाळी अनशेपोटी ती माझं बोट टोचायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. रात्री मी अर्धीच भाकरी खायचो, म्हणून आकडा हळूहळू उतरू लागला. तो चांगला आला की ती दिवसभर खुशीत असायची. माझ्याबरोबर तिनंही साखरेचा चहा सोडला होता.

वजन मात्र हलेना. कॅनच्या काट्यावर उभा राहिलो की लोक हसायचे, "सायेब, कॅन भरलेलंच हाय अजून!" मी काट्याला दोष द्यायचो.

खरं कारण मला ठाऊक होतं. छावणीत जाईन तिथं चहा. टँकरच्या पाण्यातून कुणी चहा करून दिला आणि आपण नको म्हटलं, तर त्या माणसाचा अपमान. साखर झालीय असं सांगितलं असतं तर कुणी आग्रह केला नसता, पण ते सांगायची लाज वाटायची. आणि गोड चहा मला आवडतही होता. दिवसाकाठी दहा कप सहज व्हायचे. सकाळचा आकडा चांगला येतोय ना, मग झालं तर, असं मी मनाला समजावायचो.

तीन महिन्यांनी बीडला रक्त दिलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "साखर वाढलीय."

"रोज तर चांगली येती," बायको म्हणाली. पिशवीतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढून तिनं टेबलावर पसरलं.

"सकाळी एका वेळेचं कळतं, बाई. या तपासणीत तीन महिन्यांचं येतं. हे दिवसभर काय घेतात?"

मी मान खाली घालून चहाचं सांगितलं.

वडवणीला एसटीतून उतरताना ती म्हणाली, "लोकांचं दूध ढवळून बगता. माज्याफुडं वरचंच का ठिवलं?" इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन गर्दीत, ती मशीन आणि कॅलेंडर घेऊन छावणीत आली. सवयीनं माझे दोन कप झालेच होते, आणि शेजारच्या दावणीवरच्या म्हातारीनं तिसरा हातात दिला होता.

"हात द्या," बायको म्हणाली.

"लोकं हायत."

"असू द्या."

रांगेतले सगळे बघत होते. मी कप परत केला आणि म्हातारीला मोठ्यानं सांगितलं, "मावशी, मला साखर झालीय."

"मग आदी सांगायचं की बाबा," ती म्हणाली, "माजी साखर तरी वाचली असती."

सगळे हसले, मीही हसलो. मग हात पुढं केला. आकडा वाईट आला. बायकोनं तो कॅलेंडरवर सकाळच्या आकड्याखाली लिहिला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांकडे बघायची मला भीती वाटली नाही.