पाटीवाले गुरुजी

पोलादपूरच्या स्टँडवर उभा होतो. महाडहून आलेल्या एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरने खाली उतरताच सांगितलं, "यशवंत गुरुजी गेले. काल शाळेतच..." मला रडू आलं नाही. आता त्याने जमवलेल्या नंबरप्लेटच्या पाट्यांचं काय होणार, हाच विचार आधी मनात आला. त्याची लाज दीड महिना झाला तरी जात नाही.

आम्ही दोघे प्राथमिक शिक्षक, एकाच वर्षी नोकरीला लागलेले. मी पोलादपुरात, तो वरंधला. गाड्यांच्या जुन्या नंबरप्लेट जमवायची कल्पना माझी. कशेडी घाटात दमलेले ट्रक आमच्याकडच्या गॅरेजांत दुरुस्तीला येत. तिथल्या मोडीत मला गोव्याची एक पाटी सापडली आणि मी ती कौतुकाने यशवंताला दाखवली... तिथेच चुकलं. दोन वर्षांत माझ्याकडे अकरा पाट्या झाल्या, त्याच्याकडे साठ. माझ्या खाटेखाली गंजत पडलेल्या, त्याच्या महाडच्या बौद्धवाडीतल्या घरात भिंतभर लावलेल्या. एकेक पाटी शाळेत नेऊन तो राज्यं शिकवी. तेव्हाचं म्हैसूर राज्य कुठे, केरळ कुठे, हे वरंधची पोरं माझ्या पोरांच्या आधी सांगत. लोक त्याला 'पाटीवाले गुरुजी' म्हणू लागले. मला कोणी काहीच म्हणेना.

केरळच्या एका पाटीवर माझा फार दिवस डोळा होता. एकदा गेलो तर गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "ती? ती कालच पाटीवाल्या गुरुजींना दिली."

"अरे, मी महिनाभर बघून जातोय!"

"बघून जाता. मागितलीत कधी? गुरुजी येतात, बसतात, माज्या पोरीचे पाढे घेतात. त्यांना मागायला लागत नाय."

त्याच आठवड्यात महाडला ओळखीचा एक हवालदार भेटला. मी सहज बोलल्यासारखं बोललो, "बौद्धवाडीत एका घरात साठ नंबरप्लेट आहेत. चोरीच्या गाड्यांच्या नसतील ना?" बौद्धवाडी हा शब्द मी मुद्दाम आधी घेतला होता. तेवढं पुरलं. पाट्या जप्त झाल्या, पावसाळाभर उघड्यावर भिजत पडल्या. वरंधला पालक कुजबुजू लागले. यशवंत धावत आला तो माझ्याचकडे. "वसंता, तुझ्या शब्दाला वजन आहे. तू ओळखतोस मला, एवढं लिहून दे रे."

मी लिहून दिलं. पाट्या सुटल्या. त्याने रंग आणून एकेक अक्षर पुन्हा गिरवलं आणि पुढे भेटेल त्याला सांगत राहिला, "वसंता होता म्हणून अब्रू वाचली." मी मान खाली घालायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा. दहा वर्षं हे असंच चाललं...

परवा यशवंताच्या घरी वहिनींना भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतंत, भावोजी. तुम्ही मोकळे झालात. मी आता हे कुठं ठेवू?"

तेवढ्यात वाडीतली मुलं दप्तरं घेऊन आत आली. यशवंत पाट्यांच्या त्या खोलीत संध्याकाळी त्यांचा अभ्यास घ्यायचा. आता ती आपली आपण येऊन बसतात. एक मुलगी मला म्हणाली, "काका, जरा सरकता? इथं आमची जागा हाय."

मी उठलो. दारात चपला घालताना आतून मुलांच्या वाचनाचा आवाज येत होता. बोलावणारा नसताना भरलेली ती खोली पाहिली आणि, खरं तेच लिहितो, मला यशवंताचा पुन्हा हेवा वाटला.