समुद्रातलं औषध आणि आईची माळ

माझ्या आईने समुद्र पाहिलेला नाही. तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अड्याळच्या आमच्या घरामागचा तलाव. पण तिच्या आजारपणात समुद्र आमच्या घरात शिरला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

आधीच्या औषधांना तिच्या छातीतली गाठ दाद देईना, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सुचवलं. आईने विचारलं, "केमिकल हाय का?" डॉक्टर बिचारे भले. धीर द्यायला म्हणाले, "निसर्गातलंच आहे, आजी. समुद्रात स्पंज नावाचा एक जीव असतो. त्याच्यात हे पहिल्यांदा सापडलं."

झालं! आईचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. बाबा गेल्यापासून ती माळकरी आहे. मी झिंगे रांधले तर अंगणात वेगळी चूल मांडते आणि दिवसभर माझ्याशी बोलत नाही.

"जीव हाय म्हणते न तो? मंग मले नको," परतीच्या बसमध्ये ती म्हणाली.

मी साकोलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सगळं शास्त्र पणाला लावलं. "अवं आई, आता तो जीव कोणी पकडत नाई. कारखान्यात बनवते हे औषध."

"पयले त मारलाच असन न कोणी?"

भंडारा येईपर्यंत मी खिडकी उघडत राहिले, लावत राहिले. पुढच्या सीटवरचा माणूस वैतागला.

नंतरचे दिवस वाईट गेले. फळ्यावर सूत्र लिहायचं, आपणच पुसायचं. फोन वाजला की तास अर्धा सोडून बाहेर धावायचं. आईचा राग येत होता, सरळच सांगते. डॉक्टरांचाही आला. काय गरज होती त्यांना जीवाचं नाव काढायची? तिकडे गाठ काही कोणासाठी थांबणार नव्हती.

रविवारी घरी गेले तर ती ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तो जीव हे औषध बनवते कायले? आपल्यासाठी त नसन बनवत."

मी तिच्याजवळ बसले. सांगितलं, की तो खडकाला चिकटलेला असतो. त्याला पळायला पाय नाहीत, चावायला दात नाहीत. कोणी येऊन कुरतडू नये म्हणून तो अंगातच विष तयार करतो. त्याचं ते विष पेशींची वाढही थांबवतं, म्हणून गाठीवर चालतं.

सूप थांबलं. "जागचा हलत नाई, तरी कोणाले खाऊ देत नाई," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. "मले पाहिजेच हाय मंग तो."

मला वाटलं, सुटले. पण ती उठली, हात धुतले, देवापुढे उभी राहिली आणि गळ्यातली माळ काढली. माळ गळ्यात ठेवून जीवाचं काही अंगात घेणं तिला चालणार नव्हतं. आणि काढलेली माळ खुंटीवर नुसती टांगून ठेवणं तर त्याहून नाही. तिने ती सरळ माझ्या गळ्यात घातली.

"मी बरी होतवरी तू सांभाळ. अन् झिंगे बंद."

"मलेच काहून?"

"घरात दुसरं कोन हाय?"

आता इंजेक्शनं सुरू आहेत. तिला थकवा फार येतो, केस गेले, तोंडाला चव नाही. डॉक्टर म्हणतात, तपासणी होऊ द्या, मग बोलू. कॉलेजातले चिडवतात, "मॅडम, एकदम देवधर्माला लागल्या?" मी हसते. बाजारात झिंगेवाली हाक मारते, मी मान खाली घालून पुढे जाते. वर्गात शिकवताना हात सारखा गळ्याशी जातो, मणी मोजत नाही, नुसता चाळवत राहतो.

मला ही माळ नको आहे. ती मला आईच्या गळ्यात परत घालायची आहे, आणि त्याच दिवशी टोपलीभर झिंगे आणायचे आहेत. तिने अंगणात वेगळी चूल मांडावी आणि दिवसभर माझ्याशी बोलू नये.