तुराट्या कुणाच्या

भागाबाई सही करायला शिकली ती चाळिशीत, पोरीच्या पाटीवर. निंबर्ग्यात तूर कापणाऱ्या बायकांच्या टोळीची ती म्होरकी. हजेरीच्या कागदावर बाकीच्या अंगठा उमटवायच्या. ही पेन मागून घ्यायची, आणि लिहून झालं की कागद लांब धरून एकदा बघायची. ‘अंगठा दे’ म्हणणाऱ्या एका मुनीमाला तिनं भर खळ्यावर झाडलं होतं. आणि घात केला तो त्याच सहीनं.

तुराट्यांपासून, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांपासून, गाड्यांत घालायचं इंधन काढणारा एक कारखाना पलीकडच्या तालुक्यात उभा राहिला. ते इंधन बाहेरदेशी विकायचं तर सर्टिफिकेट लागतं. वापरलेला माल खरंच टाकाऊ होता, कुणाच्या दावणीचा, कुणाच्या चुलीचा काढून घेतलेला नव्हता, असं त्यात सिद्ध करावं लागतं. नियम चांगलाच आहे. पण नियम करणारा बसतो लांब आणि कागद भरणारा गावात. इथं कागद भरणारा होता शिवराज, तुराट्या गोळा करायचा ठेका घेतलेला.

आता या भागात तुराट्या कुणाच्या, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. रास झाली, तूर घरी गेली, की कापणाऱ्या बायकांनी वर्षभर पुरतील एवढे भारे उचलायचे. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मालकाच्या आज्यापासून चालत आलेलं. गेल्या साली शिवराजचा ट्रक पहिल्यांदा आला आणि टोळीतल्या यल्लम्माला भरल्या भाऱ्यासकट शेतातून हाकललं. “हे आता कंपनीचं हाय,” म्हणून. त्या पावसाळ्यात तिनं खाटेच्या पाट्या जाळून भाकरी केल्या.

हे सगळं भागाबाईला ठाऊक होतं. तरी तिनं शिवराजच्या कागदावर सही केली. तिच्या पोरीनं, संध्यानं, कागद वाचून दाखवला होता: ‘तुराट्या शेतातच जाळल्या जातात. गावात त्यांचा दुसरा उपयोग नाही.’

“कोण जाळतंय गं शेतात?” भागाबाई हसली होती.

“मावशी, नुसता कागद हाय,” शिवराज म्हणाला. “संध्याला वजनकाट्यावर घेतलोय न्हाई का मी? सर्टिफिकेट आलं की तिचं काम पक्कं. न्हाई आलं तर काटा बी बंद अन् मी बी बंद.”

बारावी झालेली पोर दोन वर्षं घरात बसून होती. भागाबाईनं पेन मागितलं.

आणि आज तपासणी होती.

शिवराजनं सकाळीच वस्तीतल्या घराघरांमागच्या, बायकांनी यंदा ट्रकआधी उचलून आणलेल्या तुराट्यांच्या गंजींवर ताडपत्र्या टाकल्या होत्या. “कुणी विचारलं तर कडबा हाय म्हणायचं.”

“माझ्या घरी म्हैस न्हाई, शेळी न्हाई,” यल्लम्मा म्हणाली. “कडबा काय मी खायलाव?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भागाबाई हसली नाही.

तपासणीच्या मॅडम, मंजुश्री त्यांचं नाव, समाजमंदिरासमोर खुर्चीवर बसल्या. कलबुर्गीकडच्या, कानडीत विचारायच्या, बायका कानडीतच उत्तरं द्यायच्या. मजुरी किती? पाणी मिळतं का? सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या चुलीत काय जळतं, अक्का?”

वीस बायका, वीसही भागाबाईकडं बघायला लागल्या. ती समाजमंदिराच्या पडवीत शिवराजनं आणून ठेवलेल्या गॅसच्या शेगडीवर भाकरी थापत होती. तिच्या पाठीमागं काट्याची वही छातीशी धरून संध्या उभी होती.

“गॅस की, मॅडम,” शिवराजच बोलला. “घरोघरी गॅस हाय. आधी जेवून घ्या, मग बाकीचं. पाव्हणं उपाशी जायची रीत न्हाई आमच्यात.”

ताट आलं. मॅडमनी भाकरी मोडली. ती मध्ये कच्ची, कडेला करपलेली. चुलीची सवय असलेल्या हाताला शेगडीवर भाकरी साधते थोडीच. शिवराजनं ते बघितलं आणि त्याच्यातला ठेकेदार मागं पडला, यजमान पुढं आला.

“काय गं मावशी! असली भाकर वाढतेस व्हय पाव्हण्याला? चुलीवरची टाक की मस्त!”

बोलून गेला, आणि मग त्याला कळलं.

भागाबाईनं हातातला गोळा परातीत ठेवला. “चूल पेटवू?”

शिवराज ताडपत्र्यांकडं बघायला लागला.

“पेटवते. पर कशावर पेटवू, अण्णा?”

मॅडमचा घास हातातच राहिला. “का? रोज कशावर पेटवता?”

पीठ लागलेले हात तसेच धरून भागाबाई उभी राहिली. संध्यानं पाठीमागून हळूच पदर ओढला. “माय, नको.” एवढंच. भागाबाईला ते लख्ख ऐकू आलं. समोर यल्लम्मा होती, गेल्या पावसाळ्यात खाट जाळून भाकरी केलेली.

भागाबाई चार पावलं चालली. पहिल्याच घरामागची ताडपत्री तिनं खेचली. खाली वाळून खडखडीत झालेली तुराट्यांची गंज होती. त्यातल्या कवळभर काढल्या, समाजमंदिराच्या कडेच्या चुलीत घातल्या आणि काडी ओढली. तुराटी पेटायला वेळ घेत नाही.

“ह्याच्यावर,” ती म्हणाली. “चाळीस घरं. वर्षभर.”

“अगं, तू सही दिलीस!” शिवराज ओरडला.

मॅडमनी फाइलमधून कागद काढला. “ही तुमची सही?”

“माझीच.”

“मग खरं काय समजू?”

“सही खरी हाय,” भागाबाई म्हणाली. “वरचं लिवलेलं खोटं हाय. माझ्या पोरीच्या कामासाठी केले. शिकायला तीन वर्षं गेली मला ती सही, अन् बाई, पहिल्यांदा खोट्याखाली घातले.”

मॅडम बराच वेळ लिहीत बसल्या. कुठल्या शेतातून किती भारे, केव्हापासून, सगळं विचारून. शेवटी म्हणाल्या, “मी लिहिते, कापणाऱ्यांचे भारे आधी, उरतील ते कारखान्याला. नाहीतर याला टाकाऊ म्हणता येत नाही. सर्टिफिकेट देणारे मानतील का, मला सांगता यायचं नाही.” त्यांनी पेन पुढं केलं. या खेपेलाही भागाबाईनं आधी कागद मॅडमकडून अख्खा वाचून घेतला, मगच सही केली. लांब धरून बघितली नाही.

मॅडमची गाडी वळली तसा शिवराज संध्यासमोर हात पसरून उभा राहिला. “वही दे. उद्यापासून येऊ नको.”

संध्यानं वही दिली. घरी येऊन आईला एकच विचारलं, “मला विचारलीस का गं तू?”

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी, रास झालेल्या रेवणसिद्धप्पाच्या शेतात ट्रक आला नाही. येणार की नाही, कुणाला माहीत नव्हतं. म्हणून बायकांनी हात आवरला नाही. भागाबाईनं भारा बांधला, दोर आवळला, आणि तशीच वाकून थांबली. भारा एकटीच्यानं डोक्यावर चढत नाही, दुसरं माणूस लागतं. बाकीच्या लांबच्या बांधावर होत्या.

पलीकडून दोन हात आले. भारा उचलला गेला.

“बोलणार न्हाई मी तुझ्यासंगट,” संध्या म्हणाली.

“नको बोलू.”

“मान सरळ धर. डावीकडं कलायलाय.”

भागाबाईनं मान सरळ धरली. संध्या खाली वाकली आणि स्वतःसाठी दुसरा दोर उलगडायला लागली.