दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलू लागली

मंडळी, आज फार बरं वाटतंय. नाशिकमधल्या आमच्या हॉस्पिटलात लॅबचं सॉफ्टवेअर वेगळं, वॉर्डचं वेगळं. रिपोर्टचा कागद कुणाच्या तरी हाती यायचा, वेळ लागायचा. दोन्हींना समजेल अशा एकाच प्रमाण स्वरूपात रिपोर्ट पाठवायची सोय मी आज सकाळी सुरू केली.

दुपारी सायखेड्याच्या एका मावशींना चक्कर आली म्हणून त्यांच्या मुलानं आणलं. लॅबमध्ये तपासणी संपताच रिपोर्ट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर आला.

"पोटॅशियम फार वाढलंय, हृदय बंद पडू शकतं! सिस्टर, इंजेक्शन आणा लगेच!" डॉक्टर म्हणाले. नवी सोय नीट चालते का ते पाहायला मी तिथंच उभा होतो.

संध्याकाळी मावशी उठून बसल्या. मुलाचे डोळे भरलेले पाहून म्हणाल्या, "रडतो काय रे? मी बरी हाय. चहा सांग."

त्यानं मलाही चहा पाजला. तुमच्या कामाचा असा उपयोग तुम्ही कधी समोर पाहिलाय?